ग्राफीन प्लॅस्टिकला बळ कधी देतं?

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा पत्रा. २००४ साली मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी तो साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटपासून वेगळा केला. त्याचा ताठपणा सुमारे १००० गिगापास्कल. नेहमीच्या इपॉक्सीचा जेमतेम ३. मग तुम्ही म्हणाल, चिमूटभर ग्राफीन मिसळलं की झालं काम! तसं होत नाही.

एक ग्रॅम ग्राफीन पूर्ण सुटं झालं, तर दोन्ही बाजू धरून सुमारे २६०० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. पण हे पत्रे एकमेकांना ओढतात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. पिठल्यातल्या गुठळीत पीठ कोरडंच राहतं ना, तसंच हे. शिवाय अशा गुठळीपासून तडाही सुरू होऊ शकतो.

दुसरी अट पकडीची. ताण येतो प्लॅस्टिकवर. तो पत्र्यापर्यंत पोचायला दोघांमध्ये घट्ट बंध हवा, नाहीतर पत्रा नुसता सरकतो. म्हणून अनेकदा ग्राफीन ऑक्साइड वापरतात. त्यावरचे ऑक्सिजनयुक्त गट इपॉक्सीला धरून ठेवतात. पण याची किंमत मोजावी लागते. ऑक्सिडीकरणात कार्बनची जाळी बिघडते आणि पत्र्याची स्वतःची ताकद घटते.

तेव्हा ‘ग्राफीनयुक्त’ असं लिहिलेली वस्तू समोर आली, तर टक्केवारीच्या आधी दोन गोष्टी विचारा: पत्रे सुटे झालेत का? आणि प्लॅस्टिकने ते धरलेत का?