न येणारा ढेकर

तान्ह्या मुलास पाजल्यावर आई त्याला लगेच निजवीत नाही. त्याला खांद्याशी उभे धरते, पाठीवरून हलकेच हात फिरविते आणि वाट पाहते. थोड्या वेळाने मुलाच्या तोंडून एक लहानसा आवाज निघतो. मगच त्याला पाळण्यात ठेवले जाते. वाचकहो, आपणा बहुतेकांचे पहिले ढेकर असे कोणाच्या तरी खांद्यावर निघालेले असतात. पुढे आपण मोठे होतो आणि जेवणानंतरचा ढेकर ही इतकी साधी गोष्ट होऊन बसते की तिचा विचारही मनात येत नाही. काही घरांत तो तृप्तीची पावती समजला जातो, तर काही घरांत असभ्यपणा. तो येणारच, हे मात्र दोन्ही घरांनी गृहीत धरलेले असते.

परंतु ज्यांना जन्मात कधी ढेकर आलेलाच नाही, अशीही माणसे आहेत. कदाचित आपल्या घरात, आपल्या शेजारी किंवा कचेरीत पलीकडच्या टेबलाशी असे कोणी बसत असेल. हे ऐकून प्रथम हसू येते. ‘ढेकर येत नाही, हेही काय दुखणे झाले?’ असे आपण म्हणाल. या हसण्यामुळेच हे दुखणे वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसले जाते. म्हणून त्याची ओळख आज करून घेऊ.

पंगतीतील संकट

एका घराचे चित्र डोळ्यांसमोर आणा. लग्न होऊन आलेल्या सुनेचा पहिला सण आहे. पानात पुरणपोळी आहे, तिच्यावर तुपाची धार आहे, आणि वाढणाऱ्यांचा आग्रह चालू आहे. अर्धे जेवण होते न होते तोच सून हात आखडता घेते. तिच्या पोटात वारा धरला आहे. छातीच्या मध्यावर काहीतरी दाटून बसले आहे आणि गळ्यातून बेडूक ओरडावा तसा आवाज येऊ पाहत आहे. तो कोणाच्या कानी पडू नये म्हणून ती खोकते, पाणी पिते, भांडी वाजविते. संध्याकाळपर्यंत पोट इतके फुगते की लुगड्याची गाठ सैल करावी लागते. रात्री सर्वांची निजानीज झाली की आडवे पडल्यावर तिला थोडा आराम वाटतो. वाऱ्याला वरची वाट नसल्याने तो खालच्या वाटेने निघतो. त्याची लाज वेगळीच.

घरातील माणसे आपापल्या परीने अर्थ लावतात. कोणी म्हणते, अन्नाला नावे ठेवते; कोणी म्हणते, माहेरचा ताठा अजून गेला नाही. आणि तिलाही आपले दुखणे सांगता येत नाही, कारण आपल्यात काय उणे आहे हे तिलाच ठाऊक नाही. जो आराम कधी अनुभवलाच नाही, तो आपल्याला मिळत नाही हे माणसाला कळावे कसे?

हे चित्र कल्पनेतील असले, तरी त्यातील प्रत्येक लक्षण खरे आहे. पुरुषांनाही हे दुखणे होते. शाळकरी मुले वर्गातील शांततेला भितात, तरुण मुले मित्रांसोबत हॉटेलात जाण्याचे टाळतात, कचेरीतील माणूस दुपारचे जेवणच सोडून देतो. अनेकांची उचकी वेदनादायक असते. कित्येकांना उलटी होणे अतिशय कठीण जाते, आणि त्यामुळे उलटीची भीतीच मनात बसते.

दोन दरवाजे

घास गिळताना आपण प्रत्येक वेळी थोडीशी हवाही गिळतो. सोड्याचे पेय घेतले तर त्यातील कार्बन डायऑक्साइड वायूची भर पडते. हा वायू जठराच्या वरच्या भागात साठतो. तेथून बाहेर येण्यास त्याला सुमारे 25 सेंटिमीटर लांबीची अन्ननलिका ओलांडावी लागते, आणि तिच्या दोन्ही टोकांस दरवाजे आहेत. खालचा दरवाजा जठराच्या तोंडाशी आहे, तर वरचा स्वरयंत्राच्या किंचित खाली, गळ्यात आहे. वरच्या दरवाज्याचा मुख्य भाग असलेल्या स्नायूस ‘क्रिकोफॅरिंजिअस’ म्हणतात.

हा स्नायू एरवी आवळलेला असतो आणि घास गिळताना क्षणभर सैल होतो. त्याला आणखी एक विवेक निसर्गाने दिला आहे. खालून आंबट पाणी वर आले तर तो अधिकच आवळतो, म्हणजे ते श्वासनलिकेत शिरू नये. पण खालून वायू आला तर तो सैल होऊन त्याला वाट देतो. ही वाट मिळणे म्हणजेच ढेकर.

काहींच्या शरीरात हा विवेक काम करीत नाही. घास खाली जाताना दरवाजा बिनचूक उघडतो. वायू वर आला की मात्र तो बंदच राहतो. जठरातील वायू अन्ननलिकेत शिरतो, वरच्या दरवाज्यावर धडका देतो आणि परत खाली जातो. गळ्यातील तो बेडकासारखा आवाज या धडकांचाच असतो. या विकारास इंग्रजीत ‘रेट्रोग्रेड क्रिकोफॅरिंजिअल डिसफंक्शन’ असे लांबलचक नाव आहे. ‘त्या स्नायूचे उलट दिशेने न उघडणे’ एवढाच त्याचा अर्थ.

येथे आपल्या घरगुती औषधांविषयी सांगणे अवश्य आहे. पोटात वारा धरला की आपण ओवा देतो, हिंग लावतो, लिंबू-सोडा किंवा फ्रूट सॉल्ट देतो. ओवा आणि हिंग यांनी गळ्यातील दरवाजा उघडणार नाही. सोडा आणि फ्रूट सॉल्ट यांची गोष्ट त्याहून बिकट आहे. ज्याला ढेकर येतो त्याला त्यांनी मोकळे वाटते, कारण त्यांतून निर्माण झालेला वायू ढेकरावाटे बाहेर पडतो. ज्याला ढेकर येतच नाही, त्याच्या पोटात त्यांनी वायूची भरच पडते. प्रेमाने दिलेला पेला असा वेदना वाढवितो. आणि ‘एवढे दिले तरी हिला बरे वाटत नाही’ हा बोल वर ऐकावा लागतो.

कोणी न विचारलेला प्रश्न

ढेकर अडल्याने पीडा होते, ही जाणीव आपल्याकडे जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, जे वेग माणसाने रोखू नयेत असे 13 वेग सांगितले आहेत. त्यांत ‘उद्गार’ म्हणजे ढेकर आहे. तो रोखल्यास उचकी लागते, अन्नावरची वासना जाते आणि छाती अवरोधल्यासारखी होते, असे तेथे म्हटले आहे. मात्र ही गोष्ट ढेकर मुद्दाम दाबणाऱ्याची आहे. आपण ज्यांच्याविषयी बोलत आहोत ते काहीच दाबीत नाहीत. त्यांचा स्नायू त्यांच्या इच्छेला न विचारता बंद राहतो. ‘मन मोकळे कर, म्हणजे येईल’ हा उपदेश म्हणूनच त्यांच्या कामाचा नाही.

आधुनिक वैद्यकात 1987 साली कारिलास, डॉड्स आणि होगन या अमेरिकेतील डॉक्टरांनी, ढेकराची ही क्रिया बिघडल्याने छातीत असह्य वेदना होत असल्याचे एका वैद्यकीय नियतकालिकात नोंदविले. परंतु ती नोंद बराच काळ विशेषज्ञांपुरतीच राहिली. रुग्ण डॉक्टरांकडे जात, जठराची तपासणी होई आणि तीत काही दोष दिसत नसे. आम्लपित्ताच्या गोळ्या मिळत, किंवा ‘काळजी करणे सोडा’ असा सल्ला मिळे. ढेकर फार येतात का, हे विचारले जाई. ढेकर येतो तरी का, हे विचारण्याचे कोणास सुचत नसे.

2019 साली हे चित्र पालटू लागले. शिकागोजवळील डाउनर्स ग्रोव्ह येथील घशाचे तज्ज्ञ डॉ. रॉबर्ट बॅस्टियन आणि त्यांच्या सहकारी मेलिसा स्मिथसन यांनी अशा 51 रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ढेकर न येणे, गळ्यातील आवाज, पोट व छाती फुगणे आणि अधोवायूचा अतिरेक ही चार लक्षणे एकत्र दिसली की हा विकार ओळखता येतो, असे त्यांनी मांडले. त्यांनी त्या स्नायूत एक औषध टोचले, आणि त्या 51 जणांना ढेकर येऊ लागले.

विषाचे औषध

ते औषध म्हणजे ‘बोट्युलिनम टॉक्सिन’ होय. याची कथा मोठी विलक्षण आहे. 1895 साली बेल्जियममधील एका गावात खारविलेले मांस खाऊन अनेक माणसांना विषबाधा झाली, काही दगावली. एमिल व्हॅन अर्मेन्गेम या शास्त्रज्ञाने त्या मांसातून विष निर्माण करणारा जंतू शोधून काढला. हे विष मज्जातंतूकडून स्नायूस मिळणारा आवळण्याचा संदेश अडविते. पुढे अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी त्याचा अत्यल्प अंश तिरळ्या डोळ्यांच्या स्नायूंत टोचून उपचार केले, आणि 1989 साली तेथील शासनाने या औषधास मान्यता दिली. आज आपल्या देशातही स्नायूंच्या अनेक विकारांवर ते दिले जाते. चेहऱ्यावरील सुरकुत्या घालविण्यासाठी ‘बोटॉक्स’ या नावाने गाजलेले औषध हेच.

या विकारात ते बहुधा रुग्णास भूल देऊन, घशातून दुर्बीण घालून क्रिकोफॅरिंजिअसमध्ये टोचतात. काही ठिकाणी भूल न देता मानेतून, स्नायूच्या विद्युत्-संदेशांवर लक्ष ठेवून टोचतात. थोड्या दिवसांतच स्नायू सैल पडतो. पहिले काही दिवस ढेकर वेळी-अवेळी येतात, ते आवरता येत नाहीत. काही आठवडे घास हळू उतरतो, म्हणून मऊ अन्न सावकाश खावे लागते. आंबट पाणी वर येण्याचा त्रासही काहींना होतो. उपाय निर्धोक नाही, म्हणूनच तो अनुभवी डॉक्टरांच्या हातूनच करून घ्यावा.

औषधाचा परिणाम साधारण तीन महिन्यांत ओसरतो. आश्चर्य असे की ढेकर बहुतेकांच्या बाबतीत नंतरही टिकतो. दरवाजा एकदा मोकळा झाल्यावर शरीर ती क्रिया शिकून घेत असावे, असा तज्ज्ञांचा कयास आहे. काहींना औषध दुसऱ्यांदा टोचावे लागते. आणि त्यानेही न भागल्यास, क्वचित प्रसंगी, स्नायूस छेद देण्याची शस्त्रक्रिया करतात.

आपण काय करावे?

घरात कोणास हा त्रास असेल, तर प्रथम त्यास शांतपणे विचारा, ‘तुला कधी ढेकर आल्याचे आठवते का?’ उत्तर ‘नाही’ असे आले आणि सोबत वरील लक्षणे असली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे किंवा पोटाच्या विकारांच्या तज्ज्ञांकडे जावे. जेवणानंतर काय होते, केव्हापासून होते, हे एका कागदावर लिहून न्यावे; संकोचामुळे अर्धे सांगावयाचे राहून जाते. हा विकार सर्व डॉक्टरांच्या परिचयाचा असेलच असे नाही. त्याचे नाव विनयाने सुचविण्यात काही गैर नाही. ज्यास ढेकर येत नाही पण त्रासही नाही, त्याने मात्र उपचारांच्या मागे लागण्याचे कारण नाही. तान्हे मूल एखादे वेळी ढेकर देत नाही, एवढ्यावरून आईनेही घाबरू नये.

उपचार मिळेपर्यंत काही पथ्ये उपयोगी पडतात. सोड्याची पेये बंद करावी. जेवण थोडे आणि सावकाश करावे. घास तोंडात असता बोलू नये. नळीने पिणे आणि च्युइंगगम चघळणे टाळावे. जेवणानंतर शतपावली करावी. याने दरवाजा उघडणार नाही, परंतु आत जाणारी हवा कमी होईल.

एक सूचना महत्त्वाची आहे. वजन घटणे, घास अडकणे, उलटीतून वा शौचातून रक्त जाणे, किंवा पूर्वी येणारे ढेकर मोठेपणी अकस्मात बंद होणे, ही लक्षणे निराळी आहेत. ती दिसताच विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे. छातीतील दुखणे प्रत्येक वेळी वायूचेच समजून अंगावर काढू नये; ते हृदयविकाराचेही असू शकते.

आणि औषधाइतकीच गरज आहे ती आपल्या समजुतीची. पुढच्या सणाला पंगतीत कोणी अर्ध्या जेवणावरून उठू लागले, तर आग्रहाची पोळी तेवढी हातात थांबवा. नंतर, चारचौघांत नव्हे, स्वयंपाकघरात एकांत मिळाल्यावर जवळ जाऊन विचारा, ‘बाळ, जेवल्यावर तुला काय होते?’ हा प्रश्न आजवर कोणी विचारला नसेल, तर उत्तर मिळण्यास थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ तिला द्या.