शिक्षण परिषदेतील एक तासिका

जिल्हा परिषदेच्या शाळांना जवळून शैक्षणिक मार्गदर्शन मिळावे म्हणून 1994 मध्ये महाराष्ट्रात केंद्रप्रमुखाचे पद निर्माण झाले, आणि शेजारच्या शाळा मिळून होणाऱ्या केंद्रातील शिक्षकांनी साधारणतः महिन्यातून एकदा एकत्र बसण्याची, म्हणजेच शिक्षण परिषदेची, रीत पुढे रुजली. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड तालुक्यांतही ती चालते. परिषदेचे बरेचसे विषय राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून किंवा जिल्ह्याच्या ‘डाएट’कडून (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडून) ठरून येतात; तथापि एखाद्या शिक्षकाने स्वतः सुचवलेल्या तासिकेलाही त्यात जागा करता येते, आणि परिषदेचा खरा कस तिथेच लागतो.

अशा तासिकेचे टिपण छोटे असले तरी चालते: इयत्ता, अध्ययन निष्पत्ती (म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला नेमके काय करता आले पाहिजे), साहित्य, वेळ आणि तासिका चालवणारा सुलभक. ‘गणिताची भीती घालवणे’ हा विषय सहज मंजूर होतो आणि सभागृहात तितक्याच सहज विरून जातो. त्याऐवजी ‘हातच्याची वजाबाकी’ एवढेच घेतले, तर समोर वही ठेवता येते. 52 मधून 27 वजा करताना मूल 35 लिहिते, कारण वरच्या दोनातून खालचे सात जात नसल्याने ते सातातूनच दोन काढते आणि दशकाच्या घरात पाचातून दोन वजा करून मोकळे होते. हे आळशी मूल नव्हे. मोठ्यातून लहान काढायचे हा आपला नियम ते इमानाने पाळत असते. म्हणून तासिकेत आधी 63 वजा 28 बरोबर 45 अशी आणखी उदाहरणे शिक्षकांपुढे ठेवून मुलाचा विचार ओळखायला लावावा, आणि मगच दहा काड्यांचा एक गठ्ठा सोडून 52 म्हणजे चार दशक आणि बारा सुटे हे हाताने करून पाहावे.

या भागात अशा नेमकेपणाला आणखी एक कारण आहे. ऊसतोडीच्या हंगामात मजुरांची मुले वर्षाच्या मध्येच इथल्या शाळांत येतात, तर रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे घरी मराठी न बोलणारी मुलेही वर्गात असतात. कोणाचा हातच्याचा पाठ गावाकडेच राहिलेला असतो, तर कोणाला तो पाठ ज्या मराठीतून शिकवला तीच अजून उमगलेली नसते. उत्तर दोघांचेही 35च येऊ शकते, पण उपाय एक नसतो, आणि टिपणात हा फरक नोंदवला नसेल तर तासिका काड्यांच्या पलीकडे जात नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे सुचवते. परिषदेत मात्र यू-डायस या शासकीय प्रणालीत भरायची शाळेची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी आणि नव्या परिपत्रकांचे वाचन (जी मोबाइलवर आधीच पोहोचलेली असतात) वेळ खायला हाताशीच असते, म्हणून तासिका सुचवणाऱ्याने विषयासोबत सकाळचा पहिला तासही लेखी मागून घ्यावा.