परसांतील कुदळ

वैशाख लागला कीं परसांत कुदळ चालूं लागते. झडलेला पाला आधींच पेटवून दिलेला असतो. मग वाफे खणावयाचे, ढेकळें फोडावयाचीं, हा पुष्कळ घरांचा वार्षिक क्रम. खणल्यानें माती मोकळी होते हें खरें. पण ती किती दिवस मोकळी राहते? मृगाच्या चार सरी उघड्या मातीवर आपटल्या कीं तिचे कण फुटतात, बारीक गाळ छिद्रांत बसतो आणि वर पापुद्रा धरतो. मग पुन्हां कुदळ!

सजीव माती म्हणजे नुसती भुकटी नव्हे. मुळें, बुरशीचे सूक्ष्म तंतू व जंतूंचा चिकट स्राव यांनीं तिचे कण बांधलेले असतात, आणि मधल्या पोकळींतून हवा व पाणी खेळतें. खणल्यानें ही बांधणी मोडते. शिवाय एकदम हवा लागून सेंद्रिय द्रव्य झपाट्यानें विघटित होतें. त्यामुळें खणलेल्या वाफ्यांतील भाजी प्रथम तरारते खरी, परंतु ती मातीच्या गंगाजळींतून केलेली उचल होय.

चार्ल्स डार्विन यांनीं १८८१ सालीं गांडुळांवर ग्रंथ लिहिला. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर एकरीं दरसाल १० टनांहून अधिक कोरडी माती गांडुळांच्या शरीरांतून जाते, असा हिशेब त्यांत आहे. संस्कृतांत या प्राण्यास ‘महीलता’ असें गोड नांव आहे. असा बिनपगारी गडी असतां त्याचें अन्न जाळावयाचें व घर उकरावयाचें, हा व्यवहार कोणत्या अंकगणितांत बसतो?

तेव्हां वाफे आंखून घ्यावे व त्यांवर पाय देऊं नये. दोन बोटें कुजलेलें शेणखत पसरून वर वीतभर सुका पाला घालावा. तो लवकरच निम्मा बसतो. रोपापुरतीच जागा उकरावी. वांगीं, भेंडी यांचा हंगाम संपला कीं झाड उपटूं नये, जमिनीलगत कापावें. मुळें आंत कुजूं द्यावीं. मेथी-कोथिंबिरीचें बीं पेरतांना मात्र पाला बाजूस सारावा लागतो.

तथापि हा नियम आंधळेपणानें पाळण्याचा नव्हे. बांधकामानें चेपलेली, विटांचे तुकडे मिसळलेली जमीन एकदां खोल खणावीच लागते. हरळी व लव्हाळा पाल्याखालीं मरत नाहींत. त्यांचे गड्डे चिकाटीनें काढावे. खोडाजवळ चार बोटें जागा मोकळी ठेवावी, आणि कोंकणांत भर पावसांत थर पातळ करावा, नाहींतर गोगलगाई तेथें ठाण मांडतात.

घरांतील वडील मंडळींस हें न पटल्यास वाद घालूं नये. एक वाफा त्यांच्या मतें खणावा, शेजारचा झांकून ठेवावा, आणि तिसरा पावसाळा सरल्यावर दोहोंत बोट खुपसून पाहावें.