गोठ्यातली येझदी

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात एक गोठा आहे. गोठ्यात दोन म्हशी आहेत. त्यांच्या मागे एक जुनी मोटारसायकल उभी होती. ती होती येझदी, 1984 सालची.

घरधनी त्या गाडीवरून रोज पहाटे डेअरीला दूध घालीत. दोन बाजूंना दोन किटल्या आणि मध्ये स्वारी. गाडीचा आवाज आला की गाव म्हणे, "उजाडलं." तीन वर्षांपूर्वी ते वारले. गाडी गोठ्यात गेली. तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या.

एक दिवस भंगारवाला आला. त्याने वजनावर भाव सांगितला. मुलगा कबूल झाला. पण आई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "वाटलं तर म्हैस विक. ती गाडी नको."

मुलगा गप्प बसला. पण न चालणारी गाडी ठेवून करायचे काय? त्याचा मामा मुंबईला भांडुपमध्ये राहतो. मामा कारखान्यात फिटर होता. आता घरीच असतो. मुलाने मामाला फोन केला.

मामा म्हणाला, "टेम्पोत घाल आणि घेऊन ये. पण एक वस्तू विसरू नकोस."

"कोणती, मामा?"

"गाडीचं आर.सी. बुक."

आधी कागद, मग पाना

होळीनंतर गाडी भांडुपला आली. चाळीच्या मागे पत्र्याची शेड आहे. शेजाऱ्यांना विचारून मामाने तिथे जागा केली. भाच्याने लगेच पाना उचलला. मामाने तो काढून घेतला.

"आधी नंबर वाच," तो म्हणाला.

प्रत्येक गाडीवर दोन नंबर ठोकलेले असतात. एक इंजिनावर आणि एक चासीवर, म्हणजे सांगाड्यावर. ते आर.सी. बुकातल्या नंबरांशी जुळले पाहिजेत. जुळले नाहीत, तर गाडीवर एक रुपयाही खर्च करू नये. ती गाडी कधी नावावर होणार नाही. उलट चोरीचा आळ यायचा.

नंबर जुळले. पण बुकावर नाव वडिलांचे होते. मालक वारला, तर वारसाने 30 दिवसांच्या आत आर.टी.ओ. ला कळवावे लागते. तीन महिन्यांच्या आत गाडी आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा लागतो. या घरात कुणाला हे माहीत नव्हते. तीन वर्षे गेली होती. आता दंड भरावा लागणार.

दुसरी गोष्ट. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षे चालते. पुढे दर 5 वर्षांनी गाडी तपासून ती वाढवून घ्यावी लागते. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणणे गुन्हा आहे.

ही गाडी आली कुठून?

संध्याकाळी मामी चहा घेऊन आली. भाच्याने विचारले, "मामा, येझदी म्हणजे काय हो?"

मामाने सांगितले ते असे. जावा ही मूळची झेकोस्लोव्हाकिया देशाची गाडी. तिथे जानेचेक नावाच्या कारखानदाराने 1929 साली मोटारसायकली करायला घेतल्या. त्याने वाँडरर या जर्मन गाडीचा हक्क विकत घेतला होता. जानेचेकमधला 'जा' आणि वाँडररमधला 'वा'. झाली जावा.

आपल्याकडे आधी ही गाडी परदेशातून मुंबईला येई. मग मुंबईचे रुस्तम इराणी आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरला कारखाना काढला. 1961 साली तिथे जावा तयार होऊ लागली. 1973 पासून तिला येझदी हे नाव मिळाले. इराण देशात यझ्द नावाचे शहर आहे. त्यावरून हे नाव पडले. 1996 साली तो कारखाना बंद झाला. जावा हे नाव 2018 मध्ये आणि येझदी हे नाव 2022 मध्ये बाजारात परत आले. पण या नव्या गाड्यांचे इंजिन वेगळ्या जातीचे आहे. त्यांचे सामान जुन्या येझदीला बसत नाही.

भांडुपलाही एके काळी दुचाकी बनत. लँब्रेटा स्कूटर इथल्याच कारखान्यातून निघे. तो काळ गेला. पण त्या दिवसांत हात काळे केलेली माणसे अजून या बाजूला भेटतात.

चूल आणि इंजिन

"इंजिन चालतं कसं?" भाच्याने विचारले.

"चूल पेटते तसंच," मामा म्हणाला.

चुलीला जळण लागते, वारा लागतो आणि काडी लागते. इंजिनाचे जळण म्हणजे पेट्रोल. कार्बोरेटर त्या पेट्रोलात हवा मिसळतो. काडीचे काम प्लग करतो. तो ठिणगी टाकतो. पण इंजिनाला आणखी एक गोष्ट लागते. ती म्हणजे दाब. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट ठेवा आणि दांडा दाबा. बोटाला जोर लागतो ना? पंपात दट्ट्या असतो, तसा सिलिंडरात पिस्टन असतो. तो हवा आणि पेट्रोल दाबून धरतो. मग ठिणगी पडते. भडका उडतो. पिस्टन जोराने खाली जातो आणि चाक फिरते.

गाडी सुरू होत नसेल, तर या तीन गोष्टी पाहाव्या. पेट्रोल येते का? ठिणगी पडते का? दाब आहे का? चौथे कारण फार थोड्या वेळा असते.

किकवर नाचू नये

भाच्याने किक मारायला पाय उचलला. मामा ओरडला, "थांब!"

तीन वर्षे उभी असलेली गाडी एकदम किक मारून चालू करू नये. आत गंज असतो. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात. जोर केला तर रिंग तुटते आणि सिलिंडरवर ओरखडे पडतात. म्हणून आधी प्लग काढावा. त्या भोकातून थोडे ऑईल आत सोडावे. रात्रभर राहू द्यावे. दुसऱ्या दिवशी हाताने हळूहळू फिरवून पाहावे.

या गाडीचा पिस्टन तिसऱ्या दिवशी सुटला. वरचे डोके काढले. सिलिंडरला उभे ओरखडे पडले होते. ते काम घरी होत नाही. सिलिंडर लेथवाल्याकडे गेला. त्याने आतून बोअर मारून तो किंचित मोठा केला. मग त्या मापाचा मोठा पिस्टन आणि नव्या रिंगा घातल्या.

खोलताना मामाचा एक नियम होता. एका जागेचे नटबोल्ट एका डबीत. डबीवर चिठ्ठी. 'मागचे चाक.' 'कार्बोरेटर.' 'क्लच.' शिवाय खोलण्याआधी मोबाईलवर फोटो. एकदा भाच्याने कंटाळा केला. दोन डब्यांचे सामान एकत्र झाले. एक वायसर कुठला, ते शोधण्यात तीन दिवस गेले. पुढे त्याने चिठ्ठी लावायला कधी चुकवले नाही.

सामान डिझेलने धुतले. ब्रेकची धूळ मात्र तोंडाने फुंकली नाही. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ते छातीत गेले तर फुप्फुसाचा रोग होतो. ती धूळ ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके फेकून द्यावे.

टाकीची गोष्ट

आता नीट वाचा. इथे एका घराचा दिवा विझायचा राहिला.

टाकीला गंजून भोक पडले होते. मामा बाजारात गेला होता. भाच्याने टाकी ओतून रिकामी केली. उलटी करून पाहिली. एक थेंब नव्हता. तो ती घेऊन गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडे गेला. वेल्डिंगवाला नवशिका पोरगा होता. त्याने ज्योत पेटवली. तेवढ्यात मामा पिशवी टाकून धावत आला. त्याने टाकी ओढून घेतली.

"अहो मामा, रिकामी आहे ती!"

"म्हणूनच तर धावलो," मामा म्हणाला. त्याचे हात कापत होते.

पेट्रोल जळते म्हणजे त्याची वाफ जळते. टाकी काठोकाठ भरली असेल, तर आत हवेला जागा नसते. रिकाम्या टाकीत मात्र वाफ आणि हवा दोन्ही असतात. ज्योत लागली की टाकी बॉम्बसारखी फुटते. टाकी कोरडी दिसली तरी पत्र्याच्या सांध्यांत वाफ राहते. म्हणून हे काम रोज टाक्या जोडणाऱ्या जाणत्या माणसालाच द्यावे. तो टाकी पुन्हा पुन्हा धुतो, पाण्याने भरतो आणि मगच ज्योत लावतो.

त्या रात्री भाचा जेवला नाही. आईला त्याने ही गोष्ट अजून सांगितलेली नाही.

पेट्रोलात ऑईल

येझदीचे इंजिन दोन स्ट्रोकचे. त्याचे ऑईल पेट्रोलातच मिसळावे लागते. एक लिटर पेट्रोलला साधारण 40 मिलिलिटर टू-टी ऑईल, म्हणजे 5 लिटरला 200 मिलिलिटर. नुसते पेट्रोल घातले तर पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला धरतो. मागचे चाक एकदम अडते. गाडी वेगात असली तर माणूस रस्त्यावर पडतो. असे झालेच तर लगेच क्लच दाबावा.

हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असते. 100 भागांत सुमारे 20 भाग. इथेनॉल पाणी ओढून घेते. जुन्या रबराच्या नळ्या त्याने फुगतात, मऊ होतात. म्हणून नळ्या नव्या घालाव्या. गाडी फार दिवस उभी राहणार असेल, तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावे.

रंग शेवटी

भाच्याला रंगाची घाई झाली होती. मामा हसला. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! आधी थांबता येतं का ते बघ. मग नटून निघ."

आधी ब्रेकच्या पट्ट्या, तारा आणि टायर बदलले. टायरची नक्षी चांगली दिसत होती, पण रबराला भेगा होत्या. असा टायर फसवतो. बॅटरी घेताना ती किती व्होल्टची लागते ते पाहिले. काही जुन्या गाड्यांना 6 व्होल्टची लागते, काहींना 12 ची.

आषाढ-श्रावणात भांडुपला भिंतीसुद्धा घाम गाळतात. त्या हवेत रंग धरत नाही. त्याखाली पुन्हा गंज चढतो. म्हणून गणपती होईपर्यंत थांबले. मग पत्रा घासून कोरडा केला. आधी अस्तर दिले. त्यावर रंगाचे पातळ हात दिले. एकच जाड हात दिला तर रंग ओघळतो.

सगळा खर्च भाच्याने वहीत लिहिला. भंगारात जे मिळाले असते, त्याच्या कितीतरी पट पैसे गेले. हे खोटे सांगण्यात अर्थ नाही. जुनी गाडी नीट करणे हा फायद्याचा धंदा नव्हे.

दसरा

दसऱ्याला आई गावाहून आली. पान्यांची, पकडीची पूजा झाली. गाडीला झेंडूची माळ घातली. मामाने गाडी शेडबाहेर, उघड्यावर काढायला लावली. बंद जागेत इंजिन चालवू नये. धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू असतो. त्याला वास नसतो. माणूस झोपल्यासारखा बसतो आणि पुन्हा उठत नाही.

येझदीची एक गंमत आहे. गिअरचा दांडा आणि किक एकच. दांडा आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते. भाच्याने तसे केले. पहिली किक वाया गेली. दुसरीही गेली. तिसऱ्या किकला निळा धूर आला आणि गाडी बोलू लागली.

आई ओट्यावर बसली होती. तिने गाडीकडे पाहिले नाही. डोळे मिटून आवाज ऐकला. थोड्या वेळाने म्हणाली, "उजाडलं."

गाडी गावी परत गेली ती टेम्पोतूनच. आर.टी.ओ. ची तपासणी, दंड, विमा आणि धुराचा दाखला हे झाल्यावरच ती रस्त्यावर येईल. भाच्याने अर्ज दिला आहे. त्यावर सही त्याने केली, आणि वारस म्हणून आईनेही केली.

ध्यानात ठेवा

1. आधी आर.सी. बुक आणि नंबर पाहा. सामान घ्याल तिथली पावती घ्या.
2. घरातला मालक वारला तर गाडीचे कागद वेळेत नावावर करा.
3. डबीवर चिठ्ठी लावल्याशिवाय दुसरा नट खोलू नका.
4. पेट्रोलाजवळ विडी, काडी, स्टोव्ह नको. रिकाम्या टाकीला ज्योत लावू नका.
5. दोन स्ट्रोकच्या गाडीत नुसते पेट्रोल घालू नका.
6. आधी ब्रेक, शेवटी रंग.
7. बंद खोलीत इंजिन चालवू नका.