थोडं शेवाळ राहू द्या

वांद्र्यातल्या फ्लॅटमध्ये खिडकीशी ठेवलेली वीस-पंचवीस लिटरची काचेची टाकी आणि तिच्यात लाल चेरी श्रिम्प, असं दृश्य आता नवलाचं राहिलेलं नाही. तैवान आणि चीनच्या ओढ्यांतल्या तपकिरी, कुणाच्या नजरेत न भरणाऱ्या या गोड्या पाण्यातल्या कोळंबीला लाल रंग आला तो माणसाने पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीतून. अशा टाकीत नजर फिरून फिरून जाते ती अंडी धरलेल्या मादीकडे. पोटाखालची वीस-तीस अंडी ती मागच्या इवल्या पायांनी सतत हलवत असते. त्यामुळे अंड्यांना प्राणवायू मिळत राहतो. हे काम तीन-चार आठवडे चालतं, आणि तेवढ्या काळात तिचे पुढचे चिमटे काचेवरून, दगडावरून, मॉसच्या काड्यांवरून अखंड काही ना काही टिपत असतात. ती टिपते तो जिवाणू आणि सूक्ष्म शेवाळ यांचा बुळबुळीत थर. तिची पिल्लं अंड्यातून बाहेर येतात तीच मुळी कोळंबीच्या आकाराची, जेमतेम दोन मिलिमीटरची, आणि पहिल्या दिवसापासून त्याच थरावर जगतात. म्हणून काच लखलखीत ठेवण्याचा हट्ट धरणाऱ्याने कोळंबी पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. टाकीची पुढची काच पुसावी. मागची आणि बाजूची तिच्यासाठी सोडावी.

शेवाळ माजतं ते उजेड आणि खत दोन्ही जास्त झाल्यावर, आणि हे दोन्ही टाकीत आपणच आणतो. वनस्पती असलेल्या टाकीला दिवसाला सहा ते आठ तास दिवा पुरतो, असं जाणकार सांगतात. प्रत्यक्षात घरातली माणसं जागी असेपर्यंत, म्हणजे सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत, दिवा चालू राहतो. त्यात पश्चिमेच्या खिडकीतून दुपारनंतरचं ऊनही थेट काचेवर येतं. आठ तासांचे सोळा झाल्यावर हिरव्या ठिपक्यांना दोष कसला द्यायचा? दुसरी गोष्ट खाण्याची. दहा-पंधरा कोळंब्यांना रोज चिमूटभर दाणे घातले, तर बरेचसे तळाशी कुजतात आणि त्यांतून नायट्रेट, फॉस्फेट वाढतं. वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावात पितृपक्षात अन्न वाहिल्यानंतर मासे मरून वर येतात, त्यामागेही हेच आहे: पाण्यात पडलेलं अन्न कुजताना प्राणवायू ओढून घेतं. वीस लिटरच्या टाकीत त्याला फार वेळ लागत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा खाणं आणि टायमरवर आठ तासांचा दिवा, एवढ्यानेच बहुतेक टाक्यांतलं शेवाळ आटोक्यात येतं. फक्त त्याला काही आठवडे लागतात आणि तेवढा धीर माणसांना नसतो.

मग बाटली आणली जाते. शेवाळ मारणाऱ्या अनेक औषधांत तांबं असतं. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणात घालतात तो मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ, आणि तळ्यांतल्या शेवाळावर तो फार पूर्वीपासून वापरला जातो. कोळंबीच्या रक्तातही प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्यावरच चालतं. पण त्या अत्यल्प गरजेपेक्षा जरा जास्त तांबं पाण्यात आलं की ती तगत नाही. माशांना सोसणारी मात्रा तिला सोसत नाही. कीटकनाशकांचंही तसंच: जे झुरळाला मारतं ते कोळंबीलाही मारतं, कारण दोघं संधिपाद संघातलीच. घरात पेस्ट कंट्रोलची फवारणी झाली किंवा डासांसाठी गल्लीत धूर सोडला, की टाकीचा हवापंप खोलीतली तीच हवा पाण्यात ढकलतो. अशा वेळी टाकी झाकून पंप थोडा वेळ बंद ठेवावा, आणि झुरळांसाठी फवारणीऐवजी जेल लावून घ्यावं.

यावर कुणी म्हणेल, की कोळंबीच तर शेवाळ खाते, तिलाच कामाला लावा. या समजाला आधार आहे. जपानी छायाचित्रकार आणि जलउद्यानकार ताकाशी अमानो यांनी १९८०च्या दशकात आपल्या टाक्यांत कोळंबीची एक मोठी जात सोडली. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते, आणि तंतूसारखं शेवाळ ती खरोखरच फस्त करते. पण त्या टाक्या वनस्पतींनी गच्च भरलेल्या होत्या, आणि पाणी, उजेड, खत यांवर कडक लक्ष होतं. शिवाय अमानो कोळंबीच्या अळ्यांना वाढायला मचूळ पाणी लागतं, घरच्या टाकीत त्या जगत नाहीत. त्यामुळे बाजारात येणारी बहुतेक अमानो कोळंबी ओढ्यांतूनच पकडलेली असते. आपण सोळा तास दिवा जाळायचा आणि त्याची सफाई करायला तिला ओढ्यातून उचलून आणायचं, हे मला पटत नाही. चेरी कोळंबीचे चिमटे तर मऊ थर टिपण्यापुरतेच. काचेला घट्ट चिकटलेले हिरवे ठिपके किंवा काळं दाढीसारखं शेवाळ तिच्याने निघत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळं शेवाळ निरुपद्रवी नसतं. नीलहरित शेवाळाची (खरं तर ते जिवाणूच) साय वाळूवर पसरते, झाडांचा श्वास कोंडते आणि काही जाती विषही सोडतात. तिचा कुबट, मातकट वास झाकण उघडताच येतो. ती काढलीच पाहिजे, पण नळीने ओढून, पाणी खेळतं करून आणि कुजकं उचलून. पाणी मात्र एकदम बदलू नये. मुंबईच्या नळाला येतं ते पावसावर भरणाऱ्या तलावांचं मृदू पाणी. कोळंबीला कात टाकून नवं कवच धरायला कॅल्शियम लागतं, म्हणून त्यात थोडे क्षार मिसळावे लागतात. क्लोरीनसाठी दुकानातलं अँटी-क्लोरीन घालावं आणि एका वेळी दहा-पंधरा टक्केच पाणी बदलावं. पाण्याचे क्षार एकाएकी बदलले की कोळंबी अवेळी कात टाकते आणि अर्ध्यातच अडकून मरते. टाकलेली पांढरी कात टाकीतच राहू द्यावी, ती तिच्याच पोटात परत जाते.

मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात पाणी तिशीपार गेलं, की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि शेवाळ मात्र जोमात येतं. पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात. आटलेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने करावी, कारण वाफ पाण्याचीच होते आणि क्षार मागे उरतात. एवढं सांभाळलं तर संख्या वाढतच जाते. वाढलेली कोळंबी दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावी, वांद्र्याच्या एस. व्ही. रोडवरच्या तलावात सोडू नये. जर्मनीत अशी सोडलेली चेरी कोळंबी उघड्या पाण्यात वस्ती करून राहिली आहे, आणि आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत तिच्याच कुळातल्या देशी कोळंब्या आधीपासून नांदत आहेत.