खलिफा सिटीतला रविवार



इस्राएलात येऊन मला पन्नास वर्षे होत आली. इथे येऊन पुष्कळ मिळाले, पण एक गोष्ट हरवली, ती म्हणजे रविवार. आपल्याकडे रविवार म्हणजे योम रिशोन, आठवड्याचा पहिला दिवस. मुले शाळेत, मोठी माणसे कामावर. तो रविवार मला २०२३ च्या जानेवारीत अबू धाबीत परत मिळाला.

मुंबईत नर्सिंग शिकताना हॉस्टेलमध्ये माझी एक जिवलग मैत्रीण होती, रत्नागिरीकडची. शनिवारी माझा शब्बाथ, म्हणून माझी शनिवारची ड्युटी ती करायची आणि तिची रविवारची मी. कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ म्हणत, कारण ते शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत. तीही मला, “काय गं शनवार तेलीण!” म्हणून चिडवायची. पण या अदलाबदलीत असे झाले की, तीन वर्षे एका खोलीत राहूनही दोघींना एका दिवशी सुट्टी कधी मिळालीच नाही.

पुढे मी इकडे आले. कालांतराने ती खलिफा सिटीला मुलाकडे राहायला गेली. तिचे यजमान वारले तेव्हा मला जाता आले नाही. इस्राएली पासपोर्टवर तिथे प्रवेशच नव्हता. फोनवरच रडलो. मग १५ सप्टेंबर २०२० रोजी अब्राहम करारावर सह्या झाल्या आणि थेट विमाने सुरू झाली. ज्या भेटीला जन्म गेला, तिला साडेतीन तास पुरले!

बालमित्रांनो, आता गंमत ऐका. अमिरातीत पूर्वी सरकारी सुट्टी शुक्रवार-शनिवार असे. १ जानेवारी २०२२ पासून ती शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम. म्हणजे मी उतरले त्या घरी रविवारी सगळे निवांत!

खलिफा सिटी शहराबाहेर, विमानतळाच्या बाजूला आहे. रुंद रस्ते, बसके बंगले, कुंपणावर बोगनवेल. सकाळी कांदेपोहे झाले. मुलगा म्हणाला, “मावशी, चला, शेख झायेद मशीद दाखवतो.” मी म्हटले, “उद्या जाऊ रे. आज काही करायचे नाही.”

दुपारी जेवायला पापलेट होते. मैत्रीण म्हणाली, “खवल्यांचाच मासा आणलाय हो. तवासुद्धा नवा घेतला.” पन्नास वर्षांनीही माझा नेम तिच्या लक्षात होता. माझा घास घशातच अडकला.

जेवून दोघी पलंगावर आडव्या झालो. तिचे पाय सुजलेले दिसले. सवयीने मी तिचे मनगट धरले आणि नाडी मोजू लागले. ती डोळे न उघडताच म्हणाली, “सोड हात. आज ड्युटी नाही आपली.”

मी मोजणे सोडले. हात मात्र सोडला नाही. तशाच दोघी चहापर्यंत झोपलो.

मुलांनो, तुमच्या आजीला विचारा, तिची शनिवारची ड्युटी कोणी केली होती? ते नाव लक्षात ठेवा. आणि माझ्या वयाच्या वाचकांनो, ती व्यक्ती असेल तर आजच फोन करा.