विश्लेषण : कुरखेड्याचा नवरंग हिवाळ्यात कुठे जातो?

मृगाच्या सुमारास कुरखेडा परिसरातील जंगलात दोन सुरांची शीळ घुमू लागते. ती विणीसाठी आलेल्या नवरंगाची. पावसाळा सरला की हा पक्षी निघून जातो.

मुक्काम कुठे?
दक्षिण भारत आणि श्रीलंकेत. चेन्नई शहरातील सुमारे २७० हेक्टरच्या गिंडी राष्ट्रीय उद्यानातही नवरंग हिवाळा काढतात. कुरखेड्यापासून हे उद्यान जवळपास सरळ दक्षिणेला, आठशेहून अधिक किलोमीटरवर आहे. सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास साद घालतो म्हणून तमिळमध्ये त्याला ‘आरुमणी कुरुवी’, म्हणजे सहा वाजताचा पक्षी, म्हणतात.

शहरात कसे भागते?
झाडीखालचा पालापाचोळा उलटून तो किडे, गांडुळे टिपतो. झाडे राखली, पण पाला झाडून नेला, तर त्याची उपासमार होते.

इकडे धोका कोणता?
मोहफुले वेचणे सोपे जावे, तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणून उन्हाळ्यात पाला पेटवला जातो. त्यातून वणवा पसरतो. नवरंगाचे घरटे जमिनीवर किंवा खालच्या फांद्यांत असते. जमीनच जळालेली असेल, तर परतलेल्या पक्ष्याला अन्नही कमी आणि आडोसाही. चेन्नईने त्याचा हिवाळा सांभाळला, तरी पुढची पिढी कुरखेड्यासारख्या जंगलांतच वाढायची आहे.